गाडी बंद पडली? दोर बांधण्याआधी हे वाचा

लग्नाचा हंगाम असो, गणपतीला कोकणात जायचं असो, की दिवाळीत इंदूर-बडोद्याहून पुण्या-नाशिकला. आपल्याकडे दोन-तीन गाड्या एकत्रच निघतात. त्यातली एक वाटेत बंद पडली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘काळजी नको, माझ्या गाडीला दोर बांधू आणि नेऊ ओढत.’’ मग डिकीतून सामान बांधायची नायलॉनची दोरी निघते. बंद गाडीच्या स्टिअरिंगवर घरातल्या अशा व्यक्तीला बसवलं जातं, जिला गाडी ‘थोडीफार’ येते. ‘‘तुला काय करायचंय, नुसतं स्टिअरिंग तर धरायचंय!’’

गफलत होते ती इथेच. पुढची गाडी चालवणं त्यामानाने सोपं आहे. मागच्या बंद गाडीत बसणं हे जास्त कठीण आणि जास्त धोक्याचं काम आहे. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदतही बंद होते. पहिल्या दोन-तीन वेळा पेडल नेहमीसारखं दबतं, नंतर ते दगडासारखं घट्ट होतं आणि सगळा जोर लावून दाबावं लागतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्याला हे माहीत नाही, तो पहिल्याच सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळतो.

म्हणूनच कायद्याने मागच्या गाडीचा विचार आधी केला आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर त्या गाडीचं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेलीच हवी. अपवाद एकच, क्रेनने किंवा तशा साधनाने गाडीची पुढची चाकं रस्त्यापासून नीट वर उचललेली असतील तर. तेव्हा अठरा पूर्ण न झालेल्या मुलाला किंवा लायसन्स नसलेल्या कुणालाही ‘जरा वेळ’ बसवणं नियमात बसत नाही.

नियम आणखीही आहेत. ओढून न्यायची ती बिघडलेलीच गाडी आणि तीही जवळच्या गॅरेजपर्यंत. पुण्यातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे स्वस्तात होईल म्हणून शंभर किलोमीटर ओढत नेणं यात बसत नाही. दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसली पाहिजे. मागच्या गाडीच्या पाठीमागे पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान 75 मिलीमीटर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत ‘ऑन टो’ असं लिहिलेलं हवं. आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत.

5 मीटरची मर्यादा कशासाठी? दोर जितका लांब, तितकी मधली जागा मोकळी वाटते आणि एखादा दुचाकीवाला त्यातून घुसायला बघतो. संध्याकाळच्या उजेडात ताणलेला दोर त्याला दिसतच नाही. दोराच्या मध्यावर लाल फडकं किंवा जुनी भडक ओढणी बांधा. अशी पाटी लावलेली गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते, पण एक पुठ्ठा, पांढरा कागद आणि काळा मार्कर एवढ्यात काम होतं.

वेगाचंही गणित करून पाहा. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 7 मीटर. पुढच्याने करकचून ब्रेक मारला तर 5 मीटर संपायला एक सेकंदही लागत नाही. म्हणून पुढच्याने वळण, खड्डा, स्पीडब्रेकर यांचा इशारा खूप आधी द्यायचा आणि मागच्याने हलका ब्रेक देत दोर कायम ताणलेला ठेवायचा. दोर सैल पडला आणि मग झटका बसला की तो तुटतो, नाहीतर हुक उपटून येतो.

दोर कुठे बांधायचा?

बंपरला नाही, चाकाजवळच्या कुठल्याही दांड्याला तर मुळीच नाही. बहुतेक गाड्यांसोबत स्टेपनी आणि जॅकच्या सामानात एक जाड लोखंडी कडी मिळते. बंपरवरचं छोटं चौकोनी किंवा गोल झाकण उघडून ती आत पिळून बसवायची असते. काही गाड्यांत ती उलट दिशेने फिरते, त्यामुळे बसत नाही म्हणून सोडून देऊ नका. घरी अंगणात एकदा शोधून, लावून बघा. रात्री साडेअकराला हायवेवर मोबाईलच्या टॉर्चमध्ये ती शोधायला फार त्रास होतो. दोरही साधा नको, गाडीच्या वजनासाठी बनवलेला टोइंगचा पट्टा घ्या. दोर ताणलेला असताना आसपास कुणी उभं राहायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

किल्ली ‘ऑन’वर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू. मागच्या गाडीत ड्रायव्हर सोडून कुणीही नाही, आजी-आजोबाही नाहीत. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवा.

घाटात मात्र दोराने ओढायचंच नाही. कशेडी असो वा खंडाळा, उतारावर मागची गाडी दोराच्या भरवशावर नसते, ती पूर्णपणे त्या दगडासारख्या ब्रेकच्या भरवशावर असते. ब्रेकच बिघडले असतील तर सपाट रस्त्यावरसुद्धा नाही.

काही गाड्यांना दोर चालतच नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग कोरडे घासले जातात. इलेक्ट्रिक गाडीत चाकांसोबत मोटारही फिरते आणि वीज तयार होऊ लागते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची दोन चाकं उचलून भागत नाही. या सगळ्यांसाठी फ्लॅटबेड, म्हणजे गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक मागवा. गाडीसोबतच्या पुस्तिकेत टोइंगचं पान असतं. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा.

पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा-पुन्हा स्टार्ट करून बघू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतला दांडा वाकतो. बिघाडानंतर तशीच चालवल्याने वाढलेलं नुकसान विम्याच्या अटींनुसार तुमच्या माथी येतं. अशा गाडीला ढकलून पाण्याबाहेर काढा आणि टो करा.

मदत मागवताना

राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तोवर सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण किमान 50 मीटर मागे ठेवा. रस्त्यात अडथळा होईल अशी गाडी ठेवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 201 खाली 500 रुपयांपर्यंत दंड आहे, पण तिथे खरी भीती मागून येणाऱ्या ट्रकची.

न बोलावता हजर झालेल्या क्रेनवाल्याशी आधी भाव ठरवा: किती किलोमीटर, कुठल्या गॅरेजला, एकूण किती. हुक लागल्यावर भाव करायला वाव राहत नाही. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, मौल्यवान वस्तू काढून घ्या.

खासगी कारच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत अपघातानंतर गाडी नेण्या-आणण्याच्या खर्चाला 1,500 रुपयांची मर्यादा असते. फ्लॅटबेडला त्याहून बरेच जास्त लागू शकतात. ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतला असेल तर तो किती किलोमीटरपर्यंत आहे ते वाचा. आणि वाटेत कुणाला मदत म्हणून गाडी ओढून दिलीत तर पैसे घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने वापरणं पॉलिसीच्या अटींत बसत नाही, काही झालं तर दावा अडकतो. चहा पाजला तर प्या.