साडेतीन हात जागा : निजता येईल अशी जुनी गाडी कशी निवडावी?

(गुलमंडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आपल्या या व्याख्यानांत व्याख्या, प्रमाण, अनुमान हे शब्द पुष्कळदा येऊन गेले. आज हेच शब्द घेऊन आपण जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणार आहोत. विषय साधा आहे. हातात पैसे थोडे आहेत, गाडी जुनीच घ्यायची आहे, आणि वेळ आली तर तिच्यात रात्री पाठ टेकता आली पाहिजे. अशी गाडी कशी निवडायची?

हा हौसेचा प्रश्न आहे असं कोणी समजू नये. जालना, बीड, परभणीहून पेशंट घाटीत आणलेला असतो आणि नातेवाईक आवारात सतरंजी टाकून आठ-आठ दिवस काढतात. पैठणला नाथषष्ठीला भरपूर गर्दी होते, निवारा सगळ्यांना मिळत नाही. आठवडी बाजार करणारे व्यापारी मालाजवळच झोपतात. या मंडळींचं गाडीत जाणारं भांडवल म्हणजे बहुधा वर्षानुवर्षांची बचत असते. निवड चुकली की बचतही जाते आणि झोपही.

न्यायदर्शनात कुठल्याही विषयाच्या विचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: उद्देश, लक्षण आणि परीक्षा. वात्स्यायनाच्या भाष्यात हा क्रम आलेला आहे. तिथे उद्देश म्हणजे पदार्थाचं नुसतं नाव घेणं. आपल्या रोजच्या मराठीत उद्देश म्हणजे हेतू. आज आपल्याला दोन्ही अर्थ चालतील. वस्तूचं नाव घेतानाच ती कशासाठी हवी ते ठरवायचं, मग तिचं लक्षण करायचं, आणि शेवटी ते लक्षण समोरच्या गाडीला लागू पडतं का ते तपासायचं. बाजारात बहुतेक लोक उलटे जातात. आधी गाडी आवडते, मग तिच्यासाठी कारणं शोधली जातात.

लक्षण : 'मोठी गाडी' म्हणजे काय?

समजा आपण म्हटलं, "निजायला मोठी गाडी हवी, आणि मोठी म्हणजे लांब." या लक्षणात दोन दोष निघतात. पहिला अतिव्याप्तीचा. डिकीवाली सेडान सुमारे साडेचौदा फूट लांब असते, पण तिची लांबी बॉनेट आणि डिकीत वाटली गेलेली. मधे उरतं ते बसण्यापुरतं. म्हणजे जिथे निजता येत नाही अशी गाडीही या लक्षणात शिरली. दुसरा दोष अव्याप्तीचा. मारुती ओम्नी बाहेरून जेमतेम अकरा फूट, ३,३७० मिमी. लक्षण तिला बाहेर ठेवतं, पण तिच्यात माणूस निजू शकतो. कारण तिला पुढे बॉनेट नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे पुढच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत सपाट तळ मिळतो.

म्हणून लक्षण बदलायचं. निजण्याजोगी गाडी म्हणजे जिच्यात आपल्या देहाएवढी सलग, सपाट, कोरडी आणि हवेशीर जागा आहे ती. यातला प्रत्येक शब्द तपासून घ्यायचा आहे.

देह किती? आपल्याकडे देहाला साडेतीन हातांचा म्हणतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ज्याचा त्याचा. दीड फुटाचा हात धरला तर सव्वापाच फूट होतात. यात उशी आणि पायांसाठी एकेक वीत वाढवा. पाच-साडेपाच फुटांच्या माणसाला साधारण सहा-साडेसहा फूट सलग जागा असली की निवांत झोप लागते. जागा तेवढी नसेल तर एकट्या माणसाने तिरपं निजावं. १७० सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद तळाचा कर्ण २०८ सेंमी भरतो. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इथे उपयोगी पडतं!

बाजारात काय मिळतं?

मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसी, यंत्र साधं. गल्लीतला मिस्त्रीही ते उघडतो. २०१० मध्ये ईको आली: लांबी ३,६७५ मिमी, म्हणजे बारा फूट, आणि इंजिन १.२ लिटरचं. आपल्या गुलमंडीच्या, मछली खडकच्या बोळांत गाडी वळवायची तर बाहेरून आखूड आणि आतून सलग असणं हा मोठाच गुण आहे.

दुसरा गट सुमो, बोलेरो, क्वालिस, टवेरा यांचा. या गाड्यांच्या ज्या प्रकारांत मागे समोरासमोर आडवी बाकं असतात, ती उचलून बाजूला टेकवली की मधे जागा होते. तळ दणकट, रस्ता वाईट असला तरी चालतात. मात्र चाकांवरचे फुगवटे आत येतात, तेव्हा रुंदी तिथे मोजायची. क्वालिस २००५ मध्ये बंद झाली आणि टवेरावाल्या कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. म्हणून सौदा करण्यापूर्वी ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन माल मिळतो का ते विचारा.

परीक्षा : गाडीची आणि कागदांची

पहिली परीक्षा निजून. मालक काय म्हणेल याचा संकोच नको. सतरंजी घेऊन जा, मागचं दार बंद करा आणि दहा मिनिटं आडवे व्हा. सीट दुमडल्यावर मधे पायरी राहते का, कमरेखाली लोखंडी पट्टी टोचते का, कूस बदलता येते का, ते मोजपट्टीपेक्षा पाठ नीट सांगते. पायरी राहत असेल तर प्लायवूडची सुटी फळी टाकता येते. बाक कायमचं काढून टाकू नका. आसनसंख्या आरसीवर नोंदलेली असते, आणि नोंदीशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. गाडीवर पाइपाने पाणी मारा, मग आत हात फिरवा. मॅट उचलून तळाचा गंज पाहा, सरकत्या दाराची पट्टी पाहा. कुबट वास येत असेल तर पाणी कुठूनतरी शिरतंय.

तिसरी यंत्राची. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा, पुन्हा या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको.

चौथी परीक्षा कागदांची, आणि स्वस्त गाडी महाग पडते ती बहुधा इथेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. शिवाय पर्यावरण कर. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' म्हणताना पुढच्या वर्षाचा खर्च त्यातच धरायचा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर ना-हरकत. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. थकलेली चलनं आधी पाहून घ्या. हाताशी असलेल्या रकमेतला चौथा हिस्सा टायर, बॅटरी आणि ब्रेकसाठी बाजूला ठेवून मगच भाव करावा, असं आम्ही सुचवतो.

जिथे तडजोड नाही

लक्षणातला 'हवेशीर' हा शब्द जिवाशी संबंधित आहे. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, काचा बंद करून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; झोपलेल्या माणसाला जागं करील असं त्यात काहीच नसतं. शेगडी किंवा स्टोव्ह आत पेटवू नये. अनेक जुन्या ओम्नींना एलपीजी किट असतं. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. आणि आपण निजतो तळाशीच. किट आरसीवर नोंदलेलं नसेल, किंवा वास येत असेल, तर ती गाडी निजण्यासाठी नाहीच. दोन समोरासमोरच्या काचा चार बोटं उघड्या आणि त्यांना मच्छरजाळी, एवढं पुरतं.

जागाही पाहूनच निवडावी. समृद्धीसारख्या वेगवान रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपणं म्हणजे मरणाला आमंत्रण. देवस्थानाचं वाहनतळ, पंपाचं आवार, विचारून घेतलेली जागा बरी. उतारावर डोकं चढाच्या बाजूला ठेवा. ओम्नी-ईकोत डोकं मागच्या दाराकडे करावं, कारण पुढे इंजिनची ऊब राहते.

श्रोत्यांचा प्रश्न : नवरा-बायको दोघांना ईको पुरेल का?

ईकोची बाहेरची रुंदी १,४७५ मिमी, पाच फुटांना थोडी कमी. आतून चार फुटांच्या आसपास मिळेल असं धरा. दोन माणसं एका कुशीवर निजली तर पुरते. ऐसपैस म्हणाल तर नाही. पण दोघांनीही जाऊन निजून पाहायला हवं. बऱ्याच घरांत गाडी एकटा पुरुष पाहून येतो, आणि मग रात्रभर अवघडून बसते ती बाई. जो जो त्या गाडीत झोपणार, त्याची पाठ परीक्षेला बसलीच पाहिजे. मे महिन्यातला मराठवाडा मात्र कुठलीच गाडी सुसह्य करत नाही. तेव्हा सावली शोधावी, आणि धर्मशाळेत खोली मिळत असेल तर सरळ तिथे जावं. गाडी हे घर नव्हे. घर लांब असताना एक रात्र निभावण्याची ती सोय आहे, आणि तेवढीच किंमत तिला द्यावी.