अण्णांचा पूर्वेतिहास आणि पांडूचे विसरणे

द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी 'व्यक्तिरेखा' हा घटक शिकवीत होतो. वाचलेली कोणतीही व्यक्तिरेखा घ्या आणि दोन पाने लिहून आणा, असे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी पुस्तकांकडे पाहिलेच नाही. त्यांनी दूरदर्शन मालिकेतले अण्णा नाईक घेतले. प्रथम राग आला. नंतर वह्या तपासताना एका मुलीचे शेवटचे वाक्य वाचून थांबलो. तिने विचारले होते, 'अण्णा मुळातच वाईट होते, की परिस्थितीने त्यांना वाईट केले?' हा साहित्याचाच प्रश्न आहे. एका तासिकेत मला त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ज्या वाचकांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २०१६ साली आली. तिचे चित्रण आमच्याच जिल्ह्यात, आकेरी गावी झाले. पहिल्या पर्वाच्या आरंभीच वाड्याचे कर्ते पुरुष अण्णा मरतात, आणि मागे राहिलेल्या कुटुंबात जमीनजुमला, संशय आणि भुताखेतांचा खेळ सुरू होतो. प्रेक्षकांना त्या मेलेल्या माणसाविषयीच अधिक कुतूहल वाटले असावे. कारण जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० या काळात आलेले दुसरे पर्व मागे गेले आणि त्याने अण्णांचा पूर्वेतिहास सांगितला. माधव अभ्यंकरांनी अण्णा उभे केले, अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता, शकुंतला नरे यांनी माई. वाड्यावरचा गडी पांडू झाले प्रल्हाद कुडतरकर. मालिकेच्या लेखकांतही ते होते. २०२१ मध्ये तिसरे पर्वही आले. आकेरीचा तो वाडा पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्या येऊ लागल्या.

या पूर्वेतिहासात अण्णांविषयी काय कळते? ते कामातुर आहेत, लोभी आहेत, जमिनीसाठी आणि बाईसाठी जीव घ्यायलाही मागेपुढे पाहत नाहीत. त्याच वेळी ते रुबाबदार आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि शेवंतेपुढे ते हळवेही होतात. म्हणूनच लोकांना ते आवडले. खलनायक एकसुरी नाही, हे लेखक-नटांचे यश मी मोकळेपणाने मान्य करतो. पण या माणसाला एवढी सत्ता कोठून मिळाली, याचे उत्तर मी पाहिलेल्या भागांत मला मिळाले नाही. वाडा आहे, आगर आहे, राबणारी माणसे आहेत. जशी डोंगर आणि पाऊस असतो, तशीच ती आहेत. मी पाहिलेल्या भागांत कोणाच्या जातीचे नावही निघत नाही. कोकणातल्या खेड्यात जातीशिवाय कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे करीत नसे. तिथली एवढी मोठी कथा जातीशिवाय चालते, याचे मला नवल वाटते.

२०१६ साली मालिका सुरू झाली तेव्हा जिल्ह्यातून विरोधाचे आवाज उठले होते. कोकण म्हणजे भुतेखेते आणि करणी, अशी बदनामी होते, असा आक्षेप होता. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झालेल्या राज्यात हा आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. माझा आक्षेप थोडा निराळा आहे. जिथे इतिहास सांगायला हवा तिथे भूत उभे केले, की इतिहास सांगण्याची जबाबदारी संपते. माझी आई वाडीतल्या बायकांबरोबर मालिका पाहत असे. शेजारची पोर अण्णांच्या भुताला घाबरून पदराआड लपली, तेव्हा आई म्हणाली, "ह्येच्या भुताक काय भियाचा? जितो होतो तेवा भियालव, तां पुरां झाला." माझी आई शाळेत गेलेली नाही. मालिकेवर मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा हे वाक्य मला मोठे वाटते.

मालवणी बोलीविषयीही बोलले पाहिजे. १९८० साली 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी महाराष्ट्रभर नेली. ती हसवणारी मालवणी होती. या मालिकेने धाक घालणारी मालवणी घरोघरी ऐकवली. पण आमच्या दशावतारात ही गोष्ट जुनीच आहे. आरंभीच्या आडदशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो, काळ्या वेषात, आणि मालवणीत बोलून लोकांना पोट धरून हसवतो. पुढे देव येतात, ते ग्रंथातली मराठी बोलतात आणि त्याला मारतात. वडील सांगत, देवळाबाहेर लांब दगडी गडग्यावर बसून ते नाटक पाहत. देवांचे बोलणे तिथवर पोचत नसे, संकासुराचे पोचे. लोकांची भाषा असुराच्या तोंडी आणि प्रमाणभाषा देवांच्या, ही वाटणी मालिकेतही दिसते. मुंबईला शिकून स्थिरावलेला माधव शुद्ध बोलतो. अण्णा आणि पांडू मालवणी बोलतात. एक मालक आणि एक गडी, दोघांची बोली एकच. म्हणून ते एकाच मातीचे आहेत असा भास होतो. मातीचे असतील, सातबाऱ्याचे नव्हेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नातल्या 'परिस्थिती' या शब्दाकडे येतो. तळकोकणातल्या वाड्यांची परिस्थिती म्हणजे काय होती? रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यातून १९८१ साली आमचा सिंधुदुर्ग वेगळा झाला, खोती होती. आकेरी मात्र पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानातले, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेले. म्हणून खोतीचा कायदा तिथे जसाच्या तसा लावू नये. परंतु मालक आणि राबणारा यांच्यातले नाते ओळखायला तो उपयोगी पडतो. खोत सरकारात ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून धान्य घेई. भाताचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल. नाचणी-वरीचा तिसरा, म्हणजे तिर्धेल. वर वेठ. आठवेठ म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतात फुकट राबणे. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला कागदावर बसवले. ती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. बाबासाहेबांनी खोतीचा प्रश्न केवळ महारांचा म्हणून मांडला नाही. त्या मोर्च्यात कुणबी, आगरी, महार एकत्र होते. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

खोती गेली, पण वाडे राहिले. मालिकेतले अण्णा अशा राहिलेल्या वाड्यातले आहेत. दुसऱ्याच्या श्रमावर आपला हक्कच आहे असे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याची जमीन आणि दुसऱ्याची बायको यांवरही आपला हक्क वाटतो. याला मालिका 'वासना' म्हणते. वासना कोणाला नसते? ती निर्धास्तपणे पुरी करून घेता येणे, ही मालकीची गोष्ट आहे.

शेवंतेचेही तेच. पडद्यावर ती मोहात पाडणारी, पाटणकरांची लग्नाची बायको. आमच्या भागात वाड्याशी बांधल्या गेलेल्या किती बायका लग्नाच्या होत्या? देवळाच्या सेवेला वाहिलेल्या भाविणी आणि त्यांच्या पोटची देवळी मुले यांचा इतिहास याच किनारपट्टीचा आहे. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ मध्ये पुन्हा स्वतंत्र कायदा केला. जयवंत दळवी आमच्याच आरवलीचे. 'महानंदा' लिहून त्यांनी निदान त्या घराचे दार उघडले. मालिकेने ते बंदच ठेवले. विषय मोठा आहे, त्यावर एखाद्या भगिनीने लिहावे. मी इथेच थांबतो.

एक तुलना करतो. १९७० च्या दशकातला 'सामना' हा चित्रपट वाचकांना ठाऊक असेल. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हाही असाच रुबाबदार, काहीसा लाघवी, गुंतागुंतीचा सत्ताधीश. पण त्याचा पूर्वेतिहास कसा उलगडतो? नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, या एकाच प्रश्नातून. सत्ताधीशाचे मन उकलायला त्याने पुसून टाकलेल्या माणसापासून सुरुवात करावी लागते. आमच्या मालिकेत असा माणूस आहे. त्याचे नाव पांडू.

पांडू विसरतो. निरोप सांगायला येतो आणि मधेच डोके खाजवून म्हणतो, "इसारलंय." महाराष्ट्र या शब्दावर हसला, माझे विद्यार्थी वर्गात उपस्थितीला उत्तर म्हणून तो वापरीत. मीही हसलो आहे. पण पांडू वाड्यात सगळीकडे असतो. अण्णांचे सगळे त्याला दिसते. जो सगळे पाहतो तोच नेमका विसरतो, हा योगायोग नव्हे. आणि हे लिहिताना लक्षात आले की अण्णांना मी प्रारंभापासून 'ते' म्हणतो आहे आणि पांडूला 'तो'. माझी लेखणीसुद्धा वाड्याच्या खळ्यात वाकून उभी राहते. खोडून बदलले नाही. वाचकांना दिसू दे.

माझे आजोबा एका वाड्याचे कूळ होते. वाड्याचे नाव देत नाही. दोन कुणगे भाताचे, थोडे वरकस. पिढ्यान्‌पिढ्या तेच कसत, अर्धे भात वाड्यावर घालत. आजी आणि पुढे आई त्याच वाड्याच्या गोठ्यात शेण काढत; चहा करवंटीत मिळे, पाणी वरून. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पण कलम ३२-ग प्रमाणे न्यायाधिकरणापुढे चौकशी व्हायची होती. कुळाने हजर राहून 'मी खरेदी करतो' म्हणायचे, मग किंमत ठरे आणि हप्ते पडत. कूळ हजर राहिले नाही, किंवा 'मला घ्यायची नाही' म्हणाले, की खरेदी निष्प्रभ. मग कलम ३२-प प्रमाणे कुळाला काढता येई आणि कमाल मर्यादेपर्यंतची जमीन मालकाकडे परत जाई. कायदा पुरोगामी होता. फक्त त्याने असे गृहीत धरले, की आयुष्यभर ज्याच्या खळ्यात खाली मान घालून उभे राहिलो, त्याच्याच समोर कूळ तोंड उघडून हक्क सांगेल.

आजोबांनी सांगितला नाही. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी धन्यांनी त्यांना बोलावून घेतले होते. धमकी दिली नाही, असे वडील सांगत. शेजारी बसवून, म्हणजे पायरीखाली बसवून, विचारले, "माजा मीठ खाल्लंस मां रे?" दुसऱ्या दिवशी मामलेदारांनी विचारल्यावर आजोबा म्हणाले, कधीपासून कसतो ते आठवत नाही, आणि जमीन नको. इसारलंय.

आता ते धनी वाईट होते का? माझी पहिलीपासूनची पुस्तके त्यांच्या नातवाची जुनी होती. ती त्यांनीच आठवणीने पाठवली. आजोबा वारले तेव्हा ते वाडीच्या गडग्यापर्यंत आले, आत आले नाहीत, टोपी काढून उन्हात उभे राहिले आणि घरी जाऊन पायलीभर तांदूळ पाठवले. मी पदवीधर झालो तेव्हा ते खाटेवर होते. माझा हात धरून रडले. ते रडणे खोटे होते असे मला आजही म्हणता येत नाही. पण त्यांच्या हातून मिळालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे ते दोन कुणगे होते, हेही मला सोडता येत नाही. ज्याला समीक्षेत आपण गुंतागुंतीची व्यक्तिरेखा म्हणतो, ती मला अशी माहीत आहे. शिव्या घालून मोकळे होता आले असते तर सोपे झाले असते.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, की माणूस मुळात कसा होता हे आपल्याला कळणार नाही. त्याच्याकडे काय होते आणि ते कोणाकडून आले, हे मात्र कागदावर सापडते. मालिकेत सापडत नसेल तर तहसील कचेरीत सापडते. मी स्वतः गेल्या वर्षी आजोबांच्या जबाबाची नक्कल काढली. अर्धे पान आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा, शाई पसरलेली. आईला वाचून दाखवले. 'केव्हापासून कसतो ते आठवत नाही' इथे तिने मला थांबवले आणि म्हणाली, "तेंका आठवत नाय? म्हातारो कुणग्याचे सगळे मेरे आंधळेपणी सुद्धा पायान वळखी." (मेर म्हणजे बांध.) मग ती उठून भाकऱ्या करायला गेली.

या सत्रात मी वर्गाला व्यक्तिरेखेवर लिहिण्याऐवजी घरातले जुने फेरफार उतारे किंवा ३२-ग चे निकाल शोधून आणायला सांगितले. अकरा जणांनी आणले. त्यांत एक मुलगा वाड्यातला आहे. त्याने मालकाच्या बाजूची प्रत आणली, आणि ती वर्गात वाचायची का, असे मला बाहेर गाठून विचारले. वाच म्हटले. अण्णांवर लिहिणाऱ्या मुलीच्या घरी काहीच सापडले नाही. तिची आजी म्हणाली, कागद होता, पावसात गेला.