घरातील कासव : टाकी, हौद आणि तीस वर्षांची जबाबदारी

दिवाळीच्या सुटीवरून वसतिगृहात परतलेली मुले अलीकडे घरच्या कासवाविषयीही सांगू लागली आहेत. कोणाला ते वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेले असते, कोणाच्या घरी वास्तुदोष घालवण्यासाठी आणलेले असते. बहुतेक ठिकाणी त्याचा मुक्काम काचेच्या वाडग्यात, प्लास्टिकच्या झाडाखाली असतो. तेथे ते फार काळ जगत नाही. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम कायदा. आपल्या नद्या-तळ्यांतील देशी कासवांना आणि तारा कासवाला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. विहिरीत वा शेततळ्यात सापडलेले कासव घरी आणून पाळणे हा गुन्हा होय. वीस नखांच्या कासवाने गुप्तधन सापडते, या भ्रमापायी आपल्या राज्यात आजही त्यांची तस्करी होते. कासवाच्या नखांनी कोणाचे दारिद्र्य फिटल्याची नोंद इतिहासाच्या कोणत्याही दप्तरात आमच्या तरी वाचनात आलेली नाही.

दुकानांत सर्रास विकले जाते ते लाल कानाचे स्लायडर कासव. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकताना ते तळहातावर मावते. पण पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते आणि नीट सांभाळल्यास ती ३० वर्षे जगू शकते. पाचवीतल्या मुलाने हट्टाने घेतलेले कासव तो चाळिशीला येईपर्यंत घरात असू शकते, हे पैसे मोजण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे.

टाकीचा ठोकताळा असा : कवचाच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे सुमारे ४० लिटर पाणी. म्हणजे मोठ्या कासवाला ४०० लिटर, दोन मोठी पिंपे भरतील एवढे. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट असावी, म्हणजे उलटे झालेले कासव स्वतःला सावरू शकते. कासव पाण्यातच खाते व पाण्यातच विष्ठा टाकते. त्यामुळे माशांच्या टाकीचा लहान फिल्टर पुरत नाही. टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेला घ्यावा आणि तरीही दर आठवड्याला काही पाणी बदलावे. तळाशी बारीक खडे टाकू नयेत, ती गिळली जातात.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती उन्हाची. कासवाचे रक्त स्वतः तापत नाही. पाण्याबाहेर कोरडी, ३० ते ३५ अंश तापमानाची जागा त्याला रोज लागते. त्याशिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरणही लागतात, कारण त्यांच्यामुळे शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि कॅल्शियम शोषले जाते. ते न मिळाल्यास कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे उपयुक्त किरण जवळजवळ नसतात. म्हणून ‘आमचे कासव खिडकीतच असते’ या उत्तराने आमचे समाधान होत नाही. घरात यूव्हीबी दिवा लावावा लागतो. तो उजेड देत राहिला तरी त्यातील हे किरण महिन्यांगणिक क्षीण होतात, तेव्हा ठरावीक काळाने तो बदलावा.

अंगण असेल तर हौद उत्तम. ऊन फुकट मिळते. मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात उथळ पाणी तापून कासव मरते. खोली ६० सेंटिमीटर ते एक मीटर ठेवावी आणि निम्म्या भागावर सावली असावी. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, म्हणून हौद अनेकदा भरून रिकामा केल्यावरच कासव सोडावे. बाहेर येण्यासाठी खडबडीत उतार आणि बाजूला रेताड माती हवी. नर नसतानाही मादी अंडी घालते आणि जागा न मिळाल्यास ती पोटात अडकतात. भोवती आत झुकलेल्या काठाची गुळगुळीत भिंत आणि पिल्लांवर कावळ्या-कुत्र्यांपासून जाळी हवी. पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्याच्या तोंडावरही जाळी विसरू नये.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुले कासव तोंडाशी नेतात, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे सामान स्वयंपाकघरात धुऊ नये.

कंटाळलेली माणसे शेवटी कासव गावच्या तळ्यात सोडतात. काहींना ते जीवदान वाटते. पण स्लायडर देशी कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. जपानमध्ये ओसाका येथील शितेन्नो-जी या प्राचीन विहाराच्या कासवतळ्यात आज हीच परकी कासवे दिसतात. त्या देशाने जून २०२३ पासून त्यांची विक्री आणि निसर्गात सोडणे दोन्ही बंद केले. सांभाळणे अशक्य झाल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जाणकार पाळणाऱ्याकडे सोपवावे. घरी देशी कासव असेल तर ते दडवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.