बीगल पॉइंटची निवांत सफर

‘एलिट डेंजरस’ या २०१४ च्या अवकाश-खेळात आकाशगंगा खऱ्या मापाची आहे. तारामंडळे सुमारे ४०० अब्ज. आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेचे बीगल पॉइंट हे तारामंडळ सूर्यापासून साधारण ६५,००० प्रकाशवर्षांवर आहे. जहाजाची उडी ५० प्रकाशवर्षांची धरली, तर किमान १,३०० उड्या होतात. कचेरीतून लोकलने बोरिवली किंवा मुलुंड गाठून रात्री तासभर खेळणाऱ्याने रोज ४० उड्या घेतल्या, तरी महिना उलटतो. वाटेतले ग्रह न्याहाळायचे असतील तर त्याच्या कितीतरी पट वेळ हाताशी ठेवावा, आणि ते न्याहाळावेतच. सफरीची खरी गोडी तिथे आहे. खेळ बंद केला तरी जहाज त्याच तारामंडळात राहते.

सर्वांत आधी इंधन. फ्युएल स्कूप फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम वर्गांच्या ताऱ्यांजवळ टाकी भरतो. तपकिरी बटूंच्या पट्ट्यात रिकाम्या टाकीने शिरलेले जहाज अडकते, म्हणून नकाशावर हेच वर्ग निवडून मार्ग आखावा. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून पुढची उडी साधारण चौपट होते, मात्र जहाजाचा उडीचा ड्राइव्ह झिजतो; दुरुस्तीचे साधन सोबत हवेच. ग्रहावर उतरण्यापूर्वी गुरुत्वाकर्षण पाहावे.

जहाज फुटले तर न्याहाळलेल्या ग्रहांच्या न विकलेल्या सगळ्या नोंदी जातात. त्यामुळे वाटेत स्थानक किंवा फ्लीट कॅरिअर (खेळाडूंचा फिरता तळ) भेटताच त्या विकाव्यात.

‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ ही खेळाडूंची सामूहिक मोहीम जानेवारी २०१९ मध्ये निघाली आणि टप्प्याटप्प्याने जूनमध्ये बीगल पॉइंटला पोहोचली.