बाभूळ आणि लिंब

इंग्रजी वाचनपुस्तकांत ओक आणि ॲश ह्या दोन वृक्षांचीं नांवें वरचेवर येतात. आमचे विद्यार्थी तीं नांवें पाठ करतात. परंतु हे वृक्ष आपल्या मुलखांत नसल्यामुळें त्यांचें रूप डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. ओकचें लाकूड जड व टिकाऊ, आणि त्याच्या सालीनें विलायतेंत शतकानुशतकें कातडीं कमावलीं जात. ॲशचें लाकूड चिवट व लवचिक. म्हणून कुऱ्हाडीचे व फावड्याचे दांडे त्याचे करीत. गाडीचें चाक करणारा जुना इंग्रज सुतार आरे ओकचे घाली आणि त्यांभोंवतीचे पाटे ॲशचे बसवी. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न त्यास पडत नसे. कोणत्या कामास कोणता, एवढेंच तो पाही. हीच दृष्टि ठेवून आपल्या बांधावरील व अंगणांतील दोन वृक्षांची वाचकांनीं ओळख करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. ते वृक्ष म्हणजे बाभूळ आणि लिंब. लिंब म्हणजे येथें कडुलिंब, हें आपल्या बाजूच्या वाचकांस निराळें सांगणें नलगे.

प्रथम जमिनीचा विचार करूं. सातारा व सांगली हे पूर्वीं एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. ह्या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जावें तसतसा पाऊस झपाट्यानें कमी होत जातो. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत ह्या तालुक्यांत तो पांचशें मिलिमीटरांच्या आसपास असतो. घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा इत्यादि वृक्षांचें राज्य. तेथें आपल्या ह्या जोडीस फारसें स्थान नाहीं. मध्यें कृष्णा, वारणा व येरळा ह्यांच्या कांठीं खोल काळी जमीन आहे. ती विशेषेंकरून बाभळीची. पूर्वेस मुरमाड माळ आहे. तेथें लिंब अधिक सुखानें नांदतो.

ह्या निवडीचें कारण दोघांच्या स्वभावांत आहे. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी तुंबतें, आणि उन्हाळ्यांत त्याच जमिनीस हातहात खोल भेगा पडतात. अशा ठिकाणीं पुष्कळ झाडांचीं मुळें एकदां कुजतात आणि एकदां तुटतात. बाभळीचें सोटमूळ मात्र खोल जातें, व कांहीं काळ पाण्यांत उभें राहणेंही तिला सोसतें. खारवट जमीनही ती बऱ्याच अंशीं सहन करते. शिवाय ती शेंगांच्या कुळांतील असल्यामुळें तिच्या मुळांवरील गांठींत सूक्ष्म जंतु वास करतात व हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. लिंबाचा प्रकार ह्याहून वेगळा. त्यास उन्हाची पर्वा नाहीं, अवर्षणाची भीति नाहीं, जमीन उथळ असली तरी तक्रार नाहीं; परंतु मुळांशीं पाणी सांचून राहिलें कीं तो खंगूं लागतो. सारांश, बाभूळ चिखल सोसते आणि लिंब तहान सोसतो.

आतां उपयोग पाहूं. लोखंडी अवजारें येण्यापूर्वीं आपल्या शेतकऱ्याचा संसार बाभळीवर चाले. नांगर, कुळवाचें दिंड, बैलांचें जूं, गाडीच्या चाकाचा तुंबा व आरे, इतकेंच नव्हे तर ऊस गाळण्याचा जुना लाकडी चरकही बाभळीचा असे. १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगरांचा प्रसार होत गेला, तसतसें सुताराचें हें काम मागें पडलें. तरी लोहाराच्या भट्टीस बाभळीच्या कोळशासारखा कोळसा नाहीं, ही तिची कीर्ति टिकून आहे. कांट्या कुंपणास, शेंगा शेळ्यामेंढ्यांस आणि डिंक घरांत, अशी तिची कोणतीही वस्तु वांया जात नाहीं. विहिरीवर झुकलेल्या तिच्या फांद्यांना सुगरण पक्षी आपलीं घरटीं टांगतात, तीं पाहण्यासारखीं असतात.

बाभळीच्या सालींत कषायद्रव्य शेंकडा १२ ते २० पर्यंत असतें. कच्च्या कातड्यांत हें द्रव्य मुरलें म्हणजे कातडें कुजत नाहीं व पाण्यास दाद देत नाहीं. ओकच्या सालीचा विलायतेंत जो उपयोग, तोच हा. आपल्याकडील कारागीर बाभळीची साल व हिरडा कुटून त्यांचें पाणी करतात, कातडें पिशवीसारखें शिवून त्यांत तें भरतात, आणि तें हळूहळू मुरूं देतात. साताऱ्याजवळ लिंब नांवाच्या गांवीं बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे; शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, ह्या काळांत ती बांधली गेली. तिचें दगडी काम पाहून आपण थक्क होतों. परंतु चामड्याच्या मोटा नसत्या तर त्या विहिरीचें पाणी वर कोण आणता? आणि आपल्या मुलखांत चामडें टिकाऊ करणारी वस्तु म्हणजे हीच साल. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं जें भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांचाही समावेश आहे. तिच्या चामड्यामागें हीच जुनी विद्या आहे.

बाभळींत एक उणेपणा आहे, तोही सांगितला पाहिजे. तिच्या बाहेरील पांढरट लाकडास भुंगेरा लागतो. म्हणून जाणते सुतार ओंडके कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवीत व मगच त्यांस हत्यार लावीत.

लिंबाच्या लाकडास ही भीति बेताचीच. त्याच्या कडूपणामुळें कीड त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. म्हणून पेट्या, चौकटी व फळ्या ह्यांस तें लाकूड चांगलें. आपल्या आज्या धान्याच्या कणग्यांत लिंबाचा वाळलेला पाला घालीत, ती केवळ रूढि नव्हती. १९५९ सालीं सुदान देशांत टोळधाड आली असतां सर्व झाडें ओकींबोकीं झालीं, परंतु लिंबाचीं झाडें हिरवीं राहिलीं; तें हाइनरिख श्मुटरर नामक जर्मन कीटकशास्त्रज्ञानें पाहिलें व त्यावर पुढें पुष्कळ संशोधन केलें. १९६८ सालीं लिंबोळींतील मुख्य कीडनाशक द्रव्य शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. त्यास अझाडिराक्टिन म्हणतात. लिंबोळीच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या एका रीतीवर १९९४ सालीं युरोपांत एकस्वही दिलें गेलें होतें. ही विद्या भारतांत पूर्वींपासून आहे, अशी हरकत घेतली गेली आणि २००० सालीं तें रद्द झालें. २००५ सालीं अपिलांतही तोच निकाल कायम राहिला. लिंबोळीची पेंड खतांत मिसळल्यास नत्र सावकाश सुटतें. म्हणून २०१५ सालापासून देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास लिंबोळीच्या तेलाचा लेप देण्याचें ठरलें.

येथें पालकांस एक सूचना. लिंब औषधी आहे हें खरें. परंतु लिंबोळीचें तेल लहान मुलांस पोटांत कधींही देऊं नये. त्यापासून गंभीर विषबाधा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकग्रंथांत नमूद आहेत.

लागवडीचीही रीत दोघांची निराळी आहे. लिंबोळ्या जून-जुलैंत पिकतात व त्यांच्या बियांचा जीव थोड्या आठवड्यांचा असतो. म्हणून गर काढून, बी सावलींत सुकवून लगेच पेरावें. पुढील वर्षासाठीं ठेवलेलें बी बहुधा उगवत नाहीं. बाभळीचें बी ह्याच्या उलट, वर्षानुवर्षें टिकतें, पण त्याचें कवच कठीण असतें. तें उकळून खालीं उतरलेल्या पाण्यांत रात्रभर भिजवावें, किंवा शेळ्यांच्या लेंड्यांतून पडलेलें बी गोळा करावें. शेळीच्या पोटांतून गेलेलें बी चांगलें उगवतें. लिंबाचें रोप पिशवींत वाढवून पावसाळ्याच्या आरंभीं लावतां येतें. बाभळीचें मूळ लवकर खोल जात असल्यामुळें तिचें बी जागेवरच टाकलेलें बरें. दोघांसही पहिलीं दोन-तीन वर्षें शेळ्यांपासून राखावें लागतें. बाभळीस सावली मुळींच सोसत नाहीं. तिला उघड्यावर जागा द्यावी. चांगल्या जमिनींत पंधरावीस वर्षांत ती लाकडाजोगी होते. लिंब तिच्यामागून थोरावतो, पण तो अनेक पिढ्यांस सावली देतो.

आतां हा विषय आम्हीं कां काढला, तें सांगतों. पाटाचें पाणी व ऊस आल्यापासून बांधावरील बाभळी पुष्कळ ठिकाणीं गेल्या. त्यांच्या मुळांनीं व सावलीनें पीक मार खातें, ही शेतकऱ्याची अडचणही खोटी नव्हे. रस्ते रुंद करतांना कडेचे जुने लिंब तोडले जातात. त्याच वेळीं वाळवें, पलूस, मिरज ह्या तालुक्यांत अतिपाण्यामुळें कित्येक शेतें क्षारपड झालीं आहेत. अशा जमिनीस खरा उपाय चर काढून पाणी वाहतें करण्याचा. परंतु जेथें पीक उभें राहत नाहीं अशा कोपऱ्यांत तग धरूं शकणाऱ्या थोड्या झाडांपैकीं बाभूळ हें एक आहे. आणि माण-जतच्या माळावर शोभेचीं परदेशी रोपें लावून तीं दुसऱ्या उन्हाळ्यांत वाळलेलीं पाहण्यापेक्षां लिंब लावणें शहाणपणाचें. माळावर आपोआप पसरलेली वेडी बाभूळ मात्र परदेशांतून आलेली निराळी जात आहे. तिला पाहून आपल्या बाभळीविषयीं मत बनवूं नये.

झाड लावण्याचा उत्साह दर पावसाळ्यांत सर्वत्र दिसतो. त्यापूर्वीं आपल्या विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी पाहाव्या: जमीन काळी कीं मुरमाड, पाणी सांचतें कीं वाहून जातें, आणि झाड सावलीसाठीं हवें कीं लाकडासाठीं. शाळेच्या आवारांत व घरापुढें लिंब लावावा. मुलें अनवाणी खेळतात तेथें कांट्याचें झाड नको. ओढ्याच्या कांठीं व पडीक काळ्या जमिनींत बाभूळ टाकावी. बारा वर्षांच्या मुलानें ह्या पावसाळ्यांत टाकलेलें बाभळीचें बी तो तीस वर्षांचा होईल तेव्हां लाकूड देईल. आणि त्यानें लावलेल्या लिंबाखालीं त्याचीं नातवंडें बसतील.