खाऱ्या वाऱ्यातलं पोलाद

आम्ही नगरकर पर्जन्यछायेतले. बांधावर पडलेला लोखंडी नांगर इथे तांबूस होतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. किनाऱ्यावर हा हिशेब चालत नाही, हे 5 जुलै 1986 रोजी पणजीत दिसलं. मांडवीवरचा 1970 सालचा पूल ऐन पावसाळ्यात कोसळला. माणसं गेली आणि पणजी-बेतीची ये-जा पुन्हा फेरीबोटींवर आली.

दिसायला तो पूल काँक्रीटचा. त्याची ताकद मात्र आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांत होती आणि गंजल्या त्याच. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे पोलादावर पातळ संरक्षक थर धरलेला असतो. मिठातलं क्लोराइड बारीक छिद्रांतून झिरपत आत पोचलं की तो थर फुटतो. साधी सळी गंजली तर फुगते, काँक्रीटला तडे जातात, खपल्या पडतात; निदान डोळ्यांना कळतं. ताणलेली तार वरून काहीच न दाखवता तुटू शकते. सगळ्यात वाईट अवस्था होते ती भरती-ओहोटीच्या आणि लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात, कारण तिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही असतात. कायम पाण्याखालचा भाग प्राणवायूअभावी त्यामानाने सुरक्षित राहतो.

मांडवी एकटी नव्हती. ठाण्याच्या खाडीवरच्या 1973 च्या वाशी पुलाच्याही तारा गंजल्या. 1997 पर्यंत शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. मे 2017 मध्ये गोव्यात सावर्डे-कुडचडे इथला पोर्तुगीजकालीन लोखंडी पूल, वापरासाठी बंद असतानाही, गर्दीच्या भाराने पडला.

आणि 26 ऑगस्ट 2024, मालवण. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याने पुतळा उभारणाऱ्या नौदलाला आधीच कळवलं होतं. पुढे चौकशी समितीनेही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगकडे बोट दाखवलं. 1986 मध्ये गंज आत लपलेला होता. इथे तो दिसला होता, कागदावर आला होता. मला हे जास्त बोचतं.

2024 च्याच जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. लांबी 21.8 किलोमीटर, आयुष्य शंभर वर्षांचं धरलेलं. बांधकामाचा खर्च आपल्याला तोंडपाठ असतो. पुलाच्या तपासणीचा अहवालही दरवर्षी लोकांसमोर यायला हवा, कोणत्या खांबाला काय आढळलं त्या तपशिलासकट.