मागे पडलेला सेल : पाण्याच्या बॅटरीचे इक्वलायझिंग

पिंपळे सौदागरमध्ये बॅटरीवर बोलायचे म्हणजे घरचाच विषय. इथे अनेक घरांत इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी जोडलेली असते, आणि इथून भोसरी-चाकणला कामाला जाणाऱ्यांनी बॅटरीवर चालणारे फोर्कलिफ्ट रोज पाहिलेले असतात. गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली. आजही तत्त्व तेच आहे.

'बॅटरी बसली' म्हणून आपण ती भंगारात देतो. पण पुष्कळदा सगळी बॅटरी गेलेली नसते, एखाद-दुसरा सेल मागे पडलेला असतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल एकामागे एक जोडलेले असतात. सगळ्यांतून करंट एकच, त्यामुळे सर्वांत अशक्त सेल जेवढे काम देईल, तेवढेच आपल्याला मिळते.

सेल मागे का पडतो? बॅटरी वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते, चार्जिंगमध्ये ते परत विरघळते. पण दोन शिफ्टच्या घाईत चार्जिंग अर्धवट राहिले, की उरलेल्या सल्फेटचे खडे कडक होत जातात. शिवाय जड अ‍ॅसिड तळाशी बसते आणि वर पातळ राहते.

यावर उपाय इक्वलायझिंग, म्हणजे मुद्दाम आणि मोजून दिलेले जादा चार्जिंग. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करायची. मग कमी करंटने, सेलमागे साधारण २.५ ते २.६ व्होल्ट, म्हणजे २४ सेलना ६० ते ६२ व्होल्ट द्यायचे. बुडबुडे उठतात, अ‍ॅसिड ढवळले जाते आणि मागचे सेल इतरांना गाठतात. नेमका आकडा मात्र कंपनीच्या पुस्तिकेतलाच धरायचा.

हे केव्हा करायचे, ते हायड्रोमीटर सांगतो. समजा, बाकीच्या सेलची ग्रॅव्हिटी १.२७० आहे आणि एकाची १.२२०. अंतर ०.०३० च्या वर गेले, की वेळ आली. चालू असताना दर तासाला ग्रॅव्हिटी घ्या. लागोपाठ तीन वेळा ती वाढली नाही, की थांबा. बॅटरीचे तापमान ५० अंशांकडे जाऊ लागले, तरी थांबा. उगाच वारंवार केले, तर पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजते.

आता जिवाची गोष्ट. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. हवेत तो ४ टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. खोलीत वारा खेळता हवा. विडी-काडी नको, गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. प्लेटा उघड्या दिसल्या तर बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला; खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरा. अ‍ॅसिड कधीही घालायचे नाही.

सीलबंद किंवा जेल बॅटरीला हा प्रयोग करू नका; गेलेले पाणी तिच्यात परत भरता येत नाही. घरच्या इन्व्हर्टरलाही जोडलेल्या अवस्थेत नको, १५-१६ व्होल्टने तो जळू शकतो. बॅटरी सोडवून जाणकाराकडेच द्या.

एवढे करूनही तो सेल खालीच राहिला, तर फोर्कलिफ्टमध्ये तेवढाच सेल बदलता येतो. घरची बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या. तिच्यातले शिसे विषारी आहे, आणि २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारात देण्याआधी मात्र प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी एकदा लिहून काढा. दोष कुठे आहे, ते त्या वहीतच दिसेल.